गेम लिंबूटिंबूंनी बिघडवलेला नाही

गेल्या आठवड्यापासून इंदूरच्या आमच्या गेमिंग ग्रुपांवर एकच मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: "कॅज्युअल पब्लिकसाठी गेम सोपे केले आणि ऑनलाइन गेमिंग संपलं. कठीण गेमच टिकतात. बरोबरीचे लोक शोधणारं मॅचमेकिंग म्हणजे चांगल्या प्लेयरला शिक्षा. दुप्पट एक्सपी, बॉट, हे सगळे आळशांचे लाड. ज्याला जमत नाही त्याने गेम सोडावा." (कॅज्युअल म्हणजे अधूनमधून गंमत म्हणून खेळणारे, एक्सपी म्हणजे खेळून मिळणारे अनुभवाचे गुण, बॉट म्हणजे माणसाऐवजी संगणक चालवतो तो खेळाडू.) राजेंद्र नगरातल्या निम्म्या पोरांनी तो पुढे पाठवलाय, त्यात माझा दादाही आहे. मी स्वतः रोज रात्री दोन तास रँकचे, म्हणजे क्रमवारी ठरवणारे सामने खेळतो, तेव्हा हा मजकूर माझ्याच बाजूने लिहिलाय. तरी तो मला पटत नाही.

आधी "कठीण गेमच टिकतात" हे घेऊ. जून 2014 मध्ये वाइल्डस्टार नावाचा ऑनलाइन गेम आला. त्याची जाहिरातच हार्डकोर, म्हणजे मुरलेल्यांचा गेम म्हणून झाली होती: 40 जणांची रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्या शत्रूंवर करायची चढाई, आणि त्या रेडच्या दारात पोचायलाच अटींची लांबलचक साखळी. सप्टेंबर 2015 मध्ये तो फुकट करावा लागला आणि नोव्हेंबर 2018 मध्ये सर्व्हर बंद झाले. तो एकट्या काठिण्यामुळे बुडाला असं मी म्हणणार नाही, बगही पुष्कळ होते. पण 40 माणसं एका वेळी ऑनलाइन जमवणं याला कौशल्य म्हणायचं का? दसरा मैदानावर रविवारी सकाळी 11 जण गोळा करताना आमच्या नाकी नऊ येतात. ही हजेरीची अडचण आहे. बोटांची चपळाई, नकाशाची समज, डोकं शांत ठेवणं हे वेगळं. मजकूर लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच पोत्यात घातलंय. ज्याच्याकडे दिवसाला अर्धाच तास आहे, तो कच्चा असतो असं कुठे आहे?

उलट वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम पाहा. 2006 मधली त्यांची नॅक्सरामस ही 40 जणांची रेड फार थोड्या लोकांनी आतून पाहिली. 2008 मध्ये तीच 10 आणि 25 जणांसाठी परत आणली. 2011 मध्ये अनोळखी लोकांसोबत लगेच खेळता येईल अशी सोपी पातळी आली, आणि 2014 मध्ये सगळ्यात वर 20 जणांची मिथिक पातळी. म्हणजे बॉस, रेडमधला मोठा शत्रू, तोच, दारं वेगवेगळी. खालचं दार उघडलं म्हणून वरची गच्ची खाली आली नाही.

बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेमचंच घ्या. त्यातली सगळ्यात वरची पायरी कॉन्करर, म्हणजे त्या सर्व्हरवरचे पहिले 500. सगळ्यात खालच्या ब्रॉन्झ पायरीवर उद्या लाखो नवे लोक आले तरी ते 500 चे 501 होत नाहीत. उलट खालून वर चढणारे वाढतात आणि ती जागा आणखी महाग होते.

मॅचमेकिंगच्या मुद्द्यावर मात्र थांबायला हवं, कारण यात खरं दुखणं आहे. माझा एक मित्र म्हणतो, "भिया, रोज फायनलच खेळायची का?" दमून आल्यावर दोन हलके सामने हवे असतात, आणि समोर सगळे तुमच्याइतकेच तयार. ही तक्रार मला मान्य आहे. पण त्यावर उपाय म्हणून कच्च्यांना पक्क्यांसमोर उभं करणं मला मान्य नाही.

बुद्धिबळात अर्पाद एलो यांची गुणांकनाची पद्धत फिडे या जागतिक संघटनेने 1970 मध्ये स्वीकारली. तिच्या हिशोबाने दोघांच्या गुणांकनात 200 चं अंतर असेल तर 100 डावांत वरचा साधारण 76 गुण नेतो, अंतर 400 असेल तर 91. अशी जोडी रोज लावली तर खालच्याच्या हाती काय लागतं, ते मी घरात पाहिलंय. वहिनी बाळाला झोपवून साडेदहाला फोन हातात घ्यायची. एका रात्री मी शेजारी बसलो होतो. पॅराशूटने उतरली, घरापाशी गेली, दार उघडायचं बटण शोधत असतानाच पडली. गोळी समोरच्या घराच्या वरच्या खिडकीतून आली होती. मला ते कळलं, कारण ते घर मी चार वर्षं पाहतोय. तिला फक्त लाल झालेला स्क्रीन दिसला. पुन्हा उतरली, पुन्हा तेच. शिकायचं तर आपलं काय चुकलं ते दिसावं लागतं, आणि ते दिसण्याइतकं तरी जगावं लागतं.

2024 मध्ये कॉल ऑफ ड्यूटी या गोळीबाराच्या गेमच्या कंपनीने याच विषयावर आपली माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी काही सामन्यांत कौशल्याची अट सैल करून पाहिली, तर कमी कौशल्याचे लोक जास्त वेळा सामना अर्धवट सोडून गेले आणि परत यायचं प्रमाणही घटलं. आकडे कंपनीचेच आहेत हे लक्षात ठेवूनही मला ते खरे वाटतात, कारण वहिनीने तेच केलं.

आता लाडांबद्दल. वॉरक्राफ्टच्या चाचणीच्या काळात खूप वेळ सलग खेळलं की एक्सपी निम्मा व्हायचा. लोक भडकले. मग आकडे जवळजवळ तेच ठेवून नावं बदलली: विश्रांती घेतलेल्याला 200 टक्के, बाकीच्यांना 100. गेममधल्या सरायीत 8 तास लॉगआउट राहिलात तर एका लेव्हलच्या 5 टक्के एवढी विश्रांती साठते, आणि दीड लेव्हलनंतर साठणं थांबतं. दहा दिवस गायब राहणाऱ्याला याहून जास्त काही मिळत नाही. याला फुकट वाटणं म्हणता येत नाही.

आमच्या आजीच्या रामबागेतल्या वाड्यात डबा ऐसपैस खेळायचो, तेव्हा सगळ्यात धाकटा लिंबूटिंबू असायचा. त्याच्यावर राज्य यायचं नाही. हे डाव सुरू व्हायच्या आधीच मोठ्याने सांगितलं जायचं, आणि एखाद्या वर्षाने तोच म्हणायचा, आता माझ्यावरही राज्य येऊ द्या. त्याच्या असण्याने आमचा डाव कधी सोपा झाला नाही. सवलत सगळ्यांना माहीत होती आणि ती कधीतरी संपणार होती, म्हणून कोणाला खुपली नाही.

बॉटबद्दल माझं भांडण नेमकं इथे आहे. एका गेममध्ये माझ्या मामेभावाने पहिल्याच आठवड्यात नऊ जण मारले. रात्री अकरा वाजता त्याने मला उठवून दाखवलं. रिप्ले पाहिला तर सगळे उघड्या माळावर थांबून हवेत गोळ्या झाडणारे, नऊच्या नऊ बॉट. मी ते त्याला सांगितल्यावर त्याचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. नवख्यांना बॉट जरूर द्या, पण ते बॉट आहेत हे सांगून द्या.

हार्डकोर लोकांचं नुकसान कधी झालंच नाही असंही नाही. अल्टिमा ऑनलाइन हा गेम 1997 मध्ये आला तेव्हा त्यात शहराबाहेर कोणीही कोणालाही लुटू शकत असे. 2000 मध्ये ट्रॅमल नावाचं सुरक्षित जग वेगळं काढलं, बहुतेक लोक तिकडे गेले, आणि जुनं जग ओस पडलं. ज्यांना तो धोका आवडायचा त्यांचं दुःख मला समजतं. पण तिथे ज्यांना रोज लुटलं जात होतं, त्यांना फक्त पळायला वाट मिळाली होती. जबरदस्तीने थांबवलेल्या माणसांवर चाललेला खेळ किती दिवस चालणार होता?

"जमत नाही त्याने सोडावं" याचंही तेच. वहिनीने गेम खरंच काढून टाकला होता. गेल्या महिन्यात दादाने आणि मी तिला परत बसवलं, बिनरँकच्या मोडमध्ये, शनिवारी, फक्त आम्ही घरचे. पहिले दोन शनिवार ती आमच्या मागे मागे धावत होती. परवा आम्ही त्याच घरापाशी उतरलो. मी दाराकडे निघालो, तेवढ्यात हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, "भाऊजी थांबा, समोर वरच्या खिडकीत कोणीतरी आहे."