घरबसल्या भाषांतर ‘बिनत्रासाचं’ नसतं

भाषांतराच्या कामाबद्दलचा एक निरोप सध्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: मुंबईत राहून लोकलचे धक्के न खाता पैसे मिळवायचे तर भाषांतर करा. घरी बसायचं, लॅपटॉप उघडायचा, दिवसाला पाच हजार शब्द सहज होतात. आता तर एआय सगळं करून देतं, आपण नुसती नजर फिरवायची. मान-मनगट दुखणं ही आळशी माणसांची सबब आहे. पूर्वीचे कारकून जन्मभर लिहीत होते, त्यांना काही झालं नाही. फारच वाटलं तर निळा चष्मा आणि मनगटाचा पट्टा घ्या. शब्दच तर आहेत, मनाला कसला त्रास? आणि तक्रार करू नका, काम दुसऱ्याकडे जाईल.

माझं घर या कामावर चालतं आणि मला हे काम मनापासून आवडतं. नुकतंच शिक्षण संपवून इकडे वळणारी मुलंमुली हा निरोप खरा मानून सुरुवात करताना दिसतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

“पूर्वीच्या कारकुनांना काही झालं नाही.”

झालं होतं, आणि त्याची लेखी नोंद आहे. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी वेगवेगळ्या कामकऱ्यांच्या आजारांवर १७०० साली ग्रंथ काढला. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिक आणि नोटरी यांच्यावर वेगळं प्रकरण घातलं. या लोकांच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणं दिली: सतत बसून राहणं, हाताची एकाच तऱ्हेची न थांबणारी हालचाल आणि मजकुरात चूक राहू नये म्हणून मनावर असलेला ताण. माझ्या ओळखीच्या कुठल्याही भाषांतरकाराला हे वाचून दाखवा, तो म्हणेल हे माझ्याबद्दलच लिहिलंय. पुढे तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या हाताला पेटके येऊ लागले, तेव्हा ब्रिटनने १९०८ साली ते दुखणं भरपाई मिळणाऱ्या आजारांच्या यादीत घेतलं. म्हणजे ‘सबब’ म्हणून जे उडवून लावलं जातंय, त्याला कायद्याने मान्यता मिळूनही शंभर वर्षं उलटली.

मराठीत काम करणाऱ्याचा भार जरा जास्तच असतो. इनस्क्रिप्ट या मराठी कळपाटाच्या मांडणीवर ‘स्त्री’ हे एक अक्षर उमटवायला सहा कळा दाबाव्या लागतात. ख, घ, छ, ळ या प्रत्येकासाठी शिफ्ट लागते आणि तो भार बहुतेक वेळा करंगळीवर पडतो. फोनवरून लोकलमध्ये दुरुस्त्या करणाऱ्यांचा अंगठ्याचा बुंधा दुखतो, कारण तिथे सगळा भार अंगठ्यावर येतो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हाताला मुंग्या आल्या की ‘कीबोर्डमुळे कार्पल टनेल झालं’, म्हणजे मनगटातली नस दाबली गेली, असं आपणच ठरवून टाकतो, तेही बरोबर नाही. मधुमेह, थायरॉईड, गरोदरपण यांतही तीच नस दाबली जाते. म्हणून तपासणी हवी. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल, रात्री जाग येऊन हात झटकावासा वाटत असेल, तर ती मनगटातली नस. करंगळी आणि तिच्या शेजारचा भाग बधिर होत असेल तर बहुधा कोपराकडची, तासन् तास कोपर दुमडून किंवा टेबलाच्या कडेवर टेकवून बसल्याची. दोन्हींचे उपाय वेगळे. आणि बधिरपणाकडे वर्षानुवर्षं काणाडोळा केला तर अंगठ्याखालचा स्नायू सुकतो. त्यानंतर शस्त्रक्रिया केली तरी गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. या एका कारणासाठी मला त्या निरोपातल्या ‘आळशी’ शब्दाचा राग येतो. तो शब्द ऐकून माणसं डॉक्टरकडे जायचं लांबवतात.

“घरीच तर बसायचं आहे, शरीराला काय त्रास?”

लोकलची गर्दी वाचते, खरं आहे. पण मुंबईतलं ‘घरी बसणं’ म्हणजे काय ते पाहू. दहा बाय दहाच्या खोलीत वेगळं टेबल कुठून येणार? काम चालतं ते पलंगावर मांडी घालून, जेवणाच्या टेबलावर, नाहीतर ओट्याशेजारच्या स्टुलावर. त्यात लॅपटॉपची रचनाच अशी की पडदा आणि कळा एकमेकांना चिकटलेल्या. हात नीट ठेवावे तर मान वाकते, पडदा वर उचलावा तर मनगटं लटकतात. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिती प्रतिमानावरून मांडलं की ताठ मानेवर डोक्याचा भार सुमारे पाच किलो असतो, तर मान तीस अंश झुकली की मणक्यावर सुमारे अठरा किलोंचा ताण येतो. हा हिशेब कागदावरचा आहे, पण मान वाकवून पन्नास पानांचं भाषांतर केलेल्याला तो पटायला पुरावा लागणार नाही.

याला महागडी खुर्ची लागत नाही. लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणायची, वेगळा कीबोर्ड आणि माऊस जोडायचा, पाय टेकत नसतील तर खाली पाट घ्यायचा. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना सगळ्यात जास्त फरक या वेगळ्या कीबोर्डने पडला. काही जण पहिला खर्डा मराठी व्हॉइस टायपिंगने बोलून घेतात. जोडाक्षरं आणि विशेषनामं त्यात चुकतात, ती नंतर हाताने दुरुस्त करायची, तरी कळा दाबणं बरंच कमी होतं. चाळीत किंवा लहान घरात सगळ्यांसमोर मोठ्याने बोलणं अवघड जातं, तेव्हा गच्चीवर किंवा जिन्यात जाऊन बोलणारेही मला माहीत आहेत.

बसण्याबद्दल एक दिलासाही आहे. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचं विश्लेषण आलं. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणारे जे लोक रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटं मध्यम व्यायाम करत होते, त्यांच्यात जास्त बसण्याशी जोडलेला मृत्यूचा वाढीव धोका जवळपास दिसला नाही. लोकलने जाणाऱ्याचं स्टेशनपर्यंतचं चालणं आपसूक होतं. घरून काम करणाऱ्याला ते वेगळं काढून करावं लागतं.

“एआय करून देतं, नुसती नजर फिरवायची.”

हे लिहिणाऱ्याने यंत्राचं भाषांतर तपासण्याचं काम केलेलं नाही. स्वतः लिहिताना आपण मध्ये थांबतो, खिडकीबाहेर बघतो, वाक्य मनात घोळवतो. तपासताना ते सगळं जातं. डोळे डावीकडच्या इंग्रजीवरून उजवीकडच्या मराठीवर आणि परत असे दिवसभर फिरत राहतात. वाक्य वरवर सुबक दिसतं आणि आत ‘नाही’ गळालेला असतो, म्हणून एक शब्दही सोडता येत नाही. शिवाय तपासणीचा दर कमी असतो, त्यामुळे तेवढीच कमाई करायला कितीतरी जास्त शब्द डोळ्यांखालून घालावे लागतात.

पाच हजार शब्दांचं गणित इथूनच येतं. संयुक्त राष्ट्रांत अनेक वर्षं अनुवादकासाठी दिवसाला ३३० शब्दांची ५ पानं, म्हणजे १६५० शब्द, हे माप होतं. आपल्याकडेही दोन-अडीच हजार शब्द हा समजूतदार अंदाज आहे. रोज पाच हजार म्हणजे रात्र जाळणं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ साली एकत्रितपणे सांगितलं की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

“निळा चष्मा घ्या.”

वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलं नाही. डोळे चुरचुरतात ते पापण्या कमी मिटल्यामुळे. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणारी पापणी पडद्यासमोर पाच-सात वेळांवर येते. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघा, जाणूनबुजून पापण्या मिटा, पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका. त्याला पैसे लागत नाहीत. पट्ट्याचंही तसंच. नस दाबलेली असेल तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री झोपताना उपयोगी पडतो. दिवसभर तोच घट्ट बांधून टायपिंग केल्याने दुखणं बरं होत नाही.

“शब्दच तर आहेत, मनाला कसला त्रास?”

मुंबई उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. खालच्या न्यायालयातले मराठी जबाब, पंचनामे, शवविच्छेदनाबरोबरचे कागद अपिलात इंग्रजीत करून द्यावे लागतात. फोर्टमधल्या छोट्या कचेऱ्यांत आणि उपनगरांतल्या घरांत बसून कुणीतरी लहान मुलीचा जबाब ओळीओळीने दुसऱ्या भाषेत लिहीत असतं. वाचणारा पान उलटू शकतो. भाषांतरकाराला तिथेच थांबून प्रत्येक क्रियापद नीट बसवावं लागतं. नंतर झोप न येणं, मुलांना बाहेर सोडताना जीव घाबरा होणं, हे मी अनेकींकडून ऐकलंय. असे कागद रात्री न करणं, सलग दोन प्रकरणं न घेणं, मधे एखादं साधं काम घेणं, असे उपाय त्यांनी स्वतःच शोधलेत. त्याने भागत नसेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. भाषण चालू असतानाच ते दुसऱ्या भाषेत सांगणारे दुभाषे दर वीस-तीस मिनिटांनी जोडीदाराकडे माइक देतात, कारण त्यापुढे मेंदू थकतो हे त्या व्यवसायाने मान्य केलंय. लेखी काम करणाऱ्यांसाठी असा रिवाज अजून नाही.

“तक्रार करू नका, काम दुसऱ्याकडे जाईल.”

ही भीती खरी आहे, म्हणूनच हा मुद्दा सगळ्यात घातक. कर्मचारी राज्य विमा योजना पगारी कामगारासाठी आहे. शब्दांवर बिल लावणारा तिच्यात बसत नाही. आजारपणाची रजा नाही, हात बंद म्हणजे कमाई बंद. त्यामुळे खर्चाच्या धास्तीने डॉक्टर टाळला जातो. पण केईएम, सायन, नायर ही पालिकेची रुग्णालयं आहेत. देशातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० साली केईएममध्येच सुरू केलं. काम करताना हात, मान कसे ठेवायचे, कुठला पट्टा लावायचा, हे शिकवणं हाच या शाखेचा विषय. ओपीडीच्या रांगेत सकाळ जाते, पण ती घालवावी.

राहिला कामाचा प्रश्न. आम्ही काही जणी आता दर कळवतानाच चार ओळी लिहून टाकतो: दिवसाला किती शब्द होतील, संध्याकाळी सातनंतर आलेली फाईल दुसऱ्या दिवशी आली असं धरलं जाईल, तातडीच्या कामाला वेगळा दर, मोठं काम असेल तर दोघींत वाटून, एकमेकींचं तपासून देऊ. एखादा ग्राहक जातो. जे राहतात त्यांना पुढच्या फाईलला या ओळी पुन्हा सांगाव्या लागत नाहीत, आणि आजारी पडलेलीची पानं जोडीदारीण पुरी करते.