मुंबई-गोवा हायवे ६६: किनाऱ्याने जाणारा नवा रस्ता नव्हे

कोकणात निघणाऱ्यांमध्ये एक दावा जोरात फिरतो: ‘१७ नंबरचा जुना हायवे बंद झाला. आता समुद्राकाठाने जाणारा नवा ६६ आलाय, तो मुंबईतून निघून रत्नागिरी शहरातून जातो.’ यातलं एकही विधान खरं नाही. त्यावर विसंबून निघालेलं कुटुंब रात्री एखाद्या बंद जेटीवर अडकू शकतं.

आधी नंबर. २०१० मध्ये देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात, म्हणून पश्चिम टोकाच्या या रस्त्याला ६६. रस्ता तोच. चौपदरीकरणही बहुतांशी त्याच्याच अंगाने झालं. कशेडी घाटाला मात्र बोगद्याचा पर्याय काढला. १७ हा क्रमांक आता उत्तर बंगाल-आसामातल्या रस्त्याला आहे.

सुरुवात मुंबईत नाही, पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर. रत्नागिरीसाठी हातखंब्याला उजवीकडे वळायचं.

आता समुद्र. कोकणातल्या नद्या मुखाशी रुंद खाड्या होतात, तिथे पूल बांधणं अवघड. हायवे त्यांना आत, पात्र अरुंद असतं तिथे ओलांडतो. सावित्रीचं मुख बाणकोटला, हायवे ती महाडला ओलांडतो. वाशिष्ठी दाभोळला समुद्राला मिळते, पूल चिपळूणला. शास्त्रीचं मुख जयगडला, पूल संगमेश्वरला. महाड, चिपळूण, राजापूर ही खाडीच्या आतल्या टोकाची जुनी बंदरं. गलबतं तिथवर येत आणि देशावरचा माल घाटांनी तिथेच उतरे. चिपळूणला कुंभार्ली, राजापूरला अणुस्कुरा. हायवेने या बाजारपेठाच एका माळेत ओवल्या आहेत, किनारा नव्हे.

किनाऱ्याने जातो तो रेवस-रेडी सागरी मार्ग. तो वेगळा, राज्याचा रस्ता. देखणा आहे, पण सलग नाही. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. बोटीत मोजक्याच गाड्या मावतात, त्यामुळे सुट्टीत रांग लागते. शेवटची फेरी चुकली तर खाडीला वळसा घालायला पुन्हा हायवेपर्यंत आत यावं लागतं.

तेव्हा मॅपवर नुसतं ‘गोवा’ टाकू नका. महाड, चिपळूण, हातखंबा, कणकवली हे थांबे क्रमाने टाका आणि फेरी टाळण्याचा पर्याय चालू ठेवा.