बेलरेजच्या संगीतातले सोल उसने नाही

गेले काही आठवडे पुण्यातल्या रॉक ऐकणाऱ्यांच्या फोनवरून एक मजकूर फिरतो आहे आणि तो मला आतापर्यंत चौघांनी पाठवला. विषय आहे कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड या शहरातला ‘द बेलरेज’ हा बँड. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: पंकचा (वेगवान, आक्रमक आणि मुद्दाम साध्या ठेवलेल्या रॉकचा) जन्मच ब्लूजला (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या, व्याकूळ गायनशैलीला) नाकारून झाला, म्हणून या दोहोंचे मिश्रण खोटे, बेलरेज म्हणजे एका सोल (ब्लूज आणि चर्चमधल्या भक्तिगीतांतून आलेली भावपूर्ण शैली) गायिकेच्या मागे उभा केलेला गोंगाट, तिला वगळले तर हाती काही उरत नाही, त्यांचे कच्चे ध्वनिमुद्रण वादनातल्या उणिवा झाकण्यासाठी आहे, आणि बँडमध्ये खरोखर दम असता तर तो केव्हाच गाजला असता. हा बँड मला फार जवळचा आहे, म्हणून यातल्या प्रत्येक विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या विधानात सत्याचा एक अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. 1976 मध्ये पहिला अल्बम काढणाऱ्या रामोन्स या न्यू यॉर्कच्या पंक बँडने ब्लूजच्या अंगाने जाणारे लांबलचक गिटारवादन जाणीवपूर्वक टाळले होते. परंतु एका बँडची निवड म्हणजे सगळ्या पंकची वंशावळ नव्हे. पंकच्या आधीच्या पिढीत ज्यांचे नाव सर्वप्रथम घेतले जाते, त्या डेट्रॉइटच्या एमसी5 या बँडने ऑक्टोबर 1968 मध्ये ग्रँडी बॉलरूममध्ये थेट श्रोत्यांसमोर आपला पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला, आणि त्यात जॉन ली हुकर या ब्लूज गायकाने आदल्याच वर्षी गायिलेले, डेट्रॉइटच्या दंगलीवरचे गाणे आहे. त्याच पिढीतल्या स्टूजेस या बँडचा गायक इगी पॉप हा बँड सुरू करण्याआधी एका ब्लूज बँडमध्ये ड्रम वाजवत असे आणि कृष्णवर्णीय ब्लूज वादकांकडून शिकता यावे म्हणून तो शिकागोला जाऊन राहिला होता. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या सेंट्स या पंक बँडने 1977 मध्ये आइक आणि टीना टर्नर या सोल गाणाऱ्या जोडीचे गाणे आपल्या पद्धतीने वाजवले. तेव्हा बेलरेजने दोन अनोळखी घराण्यांची बळजबरीने सोयरीक जुळवलेली नाही. हे नाते त्यांच्या आधीपासूनचे आहे.

मिश्रण झाले की अस्सलपणा संपतो, ही समजूत पुण्यातल्या श्रोत्याने तरी बाळगू नये असे मला मनापासून वाटते. 1911 मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’च्या पदांना गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली दिल्या आणि आज आपण ती पदे अस्सल मराठी नाट्यसंगीत म्हणूनच ऐकतो.

दुसरे विधान मला सर्वांत अन्यायाचे वाटते, कारण ते बँडच्या गायिका लिसा केकाउला यांची स्तुती करता करता बँडचे काम पुसून टाकते. पंकची लय पुढे ढकलणारी असते; गिटार आणि ड्रम जणू ठोक्याच्या आधीच पोहोचू पाहतात. सोलमध्ये नेमके उलटे घडते. 1965 मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत सोल गायक विल्सन पिकेट यांचे ‘इन द मिडनाइट अवर’ ध्वनिमुद्रित होत असताना ड्रमवादक अल जॅक्सन आणि गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी दुसरा आणि चौथा ठोका किंचित उशिरा टाकला, आणि तो विलंब पुढे त्या शैलीची ओळख होऊन बसला. आता या दोन प्रवृत्ती एकाच गाण्यात आणायच्या, म्हणजे वादकांनी द्रुत लयीत पुढे रेटत राहायचे आणि गाणाऱ्या बाईंनी शब्द मागे खेचून, अगदी शेवटच्या क्षणी समेवर यावे तसा ठेवायचा, हे काम वादकांची लय पक्की नसेल तर दुसऱ्याच ओळीत कोसळेल. ज्यांनी तबलजीला न घाबरता लयीशी खेळणारा गायक ऐकला आहे, त्यांना यातली जोखीम वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

स्वरांचीही तीच गोष्ट आहे. ब्लूजमधला गंधार हा कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागेत हलता लागतो. केकाउला त्या जागेवर आवाज रेंगाळू देतात, तेव्हा खाली टोनी फेट यांची गिटारही तार ओढून तिथेच जाते. 1998 च्या ‘लेट इट ब्लास्ट’ या अल्बममध्ये हे स्पष्ट ऐकू येते. त्या काळात बँडच्या गाणी रचण्यात फेट यांचा मोठा वाटा होता आणि बॉब व्हेनम तेव्हा बेस वाजवत असत. फेट गेल्यानंतर ते गिटारकडे वळले. नारायण पेठेत गाणे शिकवणाऱ्या माझ्या मावशीला मी हा अल्बम ऐकवला. इंग्रजी शब्द बाजूला ठेवून ती फक्त श्वासाच्या जागा मोजत बसली आणि शेवटी तिने विचारले की मागे वाजवणाऱ्यांना या बाईंचा श्वास आधीच कसा कळतो. माझ्या मते बँड म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर तिच्या विचारण्यातच आहे.

ध्वनिमुद्रणाबद्दलचा आरोप तांत्रिक बाजूनेही टिकत नाही. हा अल्बम बँडने आपल्या सरावाच्या खोलीतच, सर्वांनी एकत्र वाजवून कॅसेटवर घेतला. चांगल्या हेडफोनवर ऐकले तर झांजांचा किणकिणाट गायिकेच्या माइकमध्ये शिरलेला जाणवतो, आणि आवाज चढला की फीत त्याच्या भाराने खरखरते. अशा मुद्रणात एका वाद्याची चूक नंतर वेगळी काढून दुरुस्त करता येत नाही, कारण प्रत्येक माइकमध्ये शेजारचे वाद्य उतरलेले असते. उणिवा झाकायच्या असतील तर प्रत्येक वाद्य वेगवेगळे मुद्रित करून नंतर जुळवणे हा सोपा मार्ग आहे, आणि बेलरेजने तो इथे घेतलेला नाही.

राहिला प्रसिद्धीचा मुद्दा. 2003 मध्ये बेसमेंट जॅक्स या ब्रिटिश जोडीच्या ‘किश कॅश’ या अल्बममधले ‘गुड लक’ हे गाणे केकाउला यांनी गायिले, आणि त्या अल्बमला 2005 मध्ये नृत्यसंगीताच्या विभागातले ग्रॅमी मिळाले. म्हणजे हाच आवाज नृत्यसंगीतात गेला तेव्हा जगाला चालला. पंकच्या गिटारींसमोर उभा राहिला तेव्हा तो कोणत्या कप्प्यात ठेवावा हे बाजाराला ठरवता आले नाही. अमेरिकेत या कप्प्यांचा वर्णाशी जुना संबंध आहे. बिग मामा थॉर्नटन यांनी 1952 मध्ये गायिलेले ‘हाउंड डॉग’ आज बहुतेकांना एल्विसचे म्हणून माहीत असते. डेट्रॉइटच्या तीन कृष्णवर्णीय भावांचा ‘डेथ’ हा बँड 1970 च्या दशकाच्या मध्यालाच पंकसारखे वाजवत होता. नाव बदलण्याची सूचना त्यांनी नाकारली, मोठ्या कंपनीने पाठ फिरवली आणि 1975 च्या सुमाराची त्यांची गाणी अल्बमच्या रूपाने बाहेर यायला 2009 साल उजाडले. ‘दम असता तर गाजले असते’ हा निकष त्या भावांना लावून पाहिला, तर 2008 पर्यंत त्यांच्यात दम नव्हता आणि 2009 मध्ये एकाएकी आला असे म्हणावे लागेल.

बेलरेज 1990 च्या दशकाच्या आरंभापासून वाजवत आहेत. ब्लूज आणि सोल आपल्या गाण्यात कुठून आले, हे त्यांनी कधी लपवलेले नाही. 2017 आणि 2018 मध्ये आलेल्या त्यांच्या दोन संचांचे नावच ‘पंक फंक रॉक सोल’ असे आहे.