घरबसल्या म्हणे!

‘घरबसल्या पदवी मिळवा.’ बेळगावच्या बसस्थानकाबाहेर, खानापूरच्या झेरॉक्स दुकानांवर, निपाणीत क्लासच्या शटरवर, जिकडे बघावं तिकडे हा फलक. खाली कोर्सची यादी: हेल्थ सायन्स, गणित, एमएसडब्ल्यू (समाजकार्याची मास्टर्स पदवी). जणू तिन्ही एकाच पोत्यातले बटाटे. हा ‘घरबसल्या’ शब्द ज्यानं पहिल्यांदा छापला, त्याला जुलै महिन्यात घाटमाथ्यावरच्या धो धो पावसाच्या कणकुंबीला मोबाईल देऊन बसवावं आणि म्हणावं, हं, मिळव आता पदवी.

प्रवेशापासूनच बघा. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२४ पासून ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डीईबी आयडी (त्यांच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) सक्तीचा केला. डीईबी आयडीला एबीसी आयडी लागतो, म्हणजे क्रेडिट जमा करायच्या खात्याचा नंबर, १२ आकडी. त्याला डिजिलॉकर, डिजिलॉकरला आधार, आणि आधारला जोडलेला चालू मोबाईल नंबर. रिचार्ज संपला म्हणून सिम फेकून दिलं असेल, तर ओटीपी कुठं येणार? झाली पहिली फेरी, आधार केंद्राची. घरबसल्या!

खरी जिरते ती नावात. मराठी शाळेच्या हजेरीपटावर पोरगी ‘ज्योती’. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘टी’नंतर ‘एच’ आला, कारण कर्नाटकात ‘त’ असाच लिहायची रीत. आधार काढताना कुणीतरी मराठी वळणानं तो ‘एच’ गाळला. झाल्या दोन ज्योती! स्वाती, भारती, प्रीती, सगळ्या याच रांगेत. पोरांची तऱ्हा निराळी. मार्क्स कार्डावर आडनाव पुढं आणि बापाचं नाव एका अक्षरात, आधारवर तिन्ही नावं पूर्ण. पोर्टलला दोन्हींतलं एकही खोटं वाटत नाही, त्याला फक्त ते जुळत नाही.

मग धावाधाव आणि उलटंच काम. घाईघाईनं आधार बदलतात, पुढं पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) कार्डावर तिसरंच स्पेलिंग निघतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून आधी एसएसएलसी, पीयूसी, पदवी अशी सगळी मार्क्स कार्डं शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. ती आपसात जुळत असतील तर एकदाच आधार त्यांच्यासारखं करून घ्या. मार्क्स कार्डातच चूक असेल तर अर्ज शाळेमार्फत बेंगळुरूच्या बोर्डाकडे जातो, आणि त्याला किती दिवस लागतील ते विचारायचं नसतं. हे प्रवेशाची मुदत संपायच्या आठवड्यात नाही, दोन-तीन महिने आधी करायचं काम आहे. फलकवाला हे सांगत नाही. त्याला त्याच आठवड्यात फी हवी असते.

आता भाषा. पहिली ते दहावी मराठी माध्यम, पीयूसीत एकदम इंग्रजी, कार्यालयात कन्नड. अशा पोराला दूरशिक्षण मराठीतून घ्यावंसं वाटलं तर त्यात गैर काय? नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून शिकवतंय. पण यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीत राज्य विद्यापीठाच्या दूरशिक्षणाला राज्याची हद्द आहे. त्यांना बेळगावात अभ्यासकेंद्र काढता येत नाही. बेळगावातून अर्ध्या-पाऊण तासात शिनोळी येते, चंदगड तालुका, महाराष्ट्र. म्हणजे अभ्यासक्रम अर्ध्या तासावर आणि नियम मात्र दुसऱ्या देशात असल्यासारखा! ऑनलाइन पदवीला अशी हद्द नाही, ती कुठूनही घेता येते. पण ती बहुतेक इंग्रजीत. वर म्हणतात, मराठी सबटायटल आहेत की. ती यंत्रानं केलेली. बीजगणितातलं ‘फील्ड’ तिथं शेत होतं, समाजकार्यातलं ‘फील्डवर्क’ शेतकाम होतं, ‘ऑड फंक्शन’चं विचित्र कार्य होतं. पोरगं बिचारं शेतात काय शिकणार?

हेल्थ सायन्सवर तर संताप आवरत नाही, कारण इथं फसवणूक उघड आहे. नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, पॅरामेडिकल यांची पदवी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणानं द्यायला २०२० च्या नियमावलीतच बंदी आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डायटेटिक्स यांचेही नवे प्रवेश बंद झाले. तरी फलक आहे तिथंच! ‘हेल्थ सायन्स’ एवढंच लिहायचं, आत गेल्यावर हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमबीए दाखवायचं, आणि पोरीच्या आईला वाटतं लेक नर्स होणार. मॅनेजमेंट शिकायला काही हरकत नाही, पण त्यानं रुग्णाला हात लावायचा परवाना मिळत नाही, हे सांगायला जीभ का जड होते?

बंदी उगाच नाही. लॅब तंत्रज्ञ, थेरपिस्ट अशांसाठीच्या २०२१ च्या अलाइड हेल्थ कायद्यात अलाइड व्यावसायिकाला किमान २००० तासांचं शिक्षण लागतं, हेल्थकेअर व्यावसायिकाला किमान ३६०० तासांचं. लॅबमधली साधी गोष्ट घ्या, रक्त काढणं. निळ्या टोपणाच्या नळीत ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, असतं. शीर नीट सापडली नाही, नळी अर्धवट भरली, की सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायचा वेळ खोटा लांबलेला दिसतो. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए, गोठू न देणारं दुसरं रसायन. ती आधी भरून त्याचा अंश पुढच्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं उतरतं, आणि डॉक्टर नसलेल्या आजाराच्या मागं लागतात. म्हणून नळ्यांचा क्रम ठरलेला असतो. हा क्रम व्हिडिओ बघून पाठ होईल, पण दंडाला पट्टा बांधून बोटाखाली शीर चाचपायची सवय स्क्रीनवरून कशी लागणार? आणि चाळीस हजार भरून घरी आलेल्या कागदावर काउन्सिलची नोंदणी मिळत नाही हे कळतं, तेव्हा ‘अॅडमिशन सेंटर’च्या जागी मोबाईल रिपेअरीचं दुकान आलेलं असतं. विद्यापीठाला अशी फ्रँचायझी देताच येत नाही, हे यूजीसीनं २०२२ च्या जानेवारीत पुन्हा बजावलंय. शटरमागं बसलेला माणूस विद्यापीठाचा नाही, कमिशनचा आहे.

गणिताचं दुखणं वेगळं. गणित ऑनलाइन शिकता येतं, फार चांगलं शिकता येतं, स्वयम आणि एनपीटेल या सरकारी ऑनलाइन कोर्सांच्या संकेतस्थळांवर खजिना पडलाय. पण ज्यांनी परीक्षेची यंत्रणा बनवली त्यांनी आयुष्यात वहीवर गणित सोडवलंय की नाही, शंका येते. कॅमेऱ्यासमोरच्या परीक्षेत नजर स्क्रीनवर पाहिजे. गणितवाल्याची नजर कागदावर असते हो! मान खाली गेली की सॉफ्टवेअर संशयाची नोंद करतं. मग पोरं रफ काम डोक्यात करतात आणि चुकतात. रफ कागद चालतो का, कॅमेऱ्याला आधी दोन्ही बाजूंनी दाखवायचा का, हे सराव चाचणीतच लेखी विचारून घ्या.

रिकामी जागा भरायचा प्रश्न असेल तर आणखी मजा. उत्तर दोन-तृतीयांश. तुम्ही २/३ टाकलं, यंत्राला ०.६७ पाहिजे होतं. ०.६६ टाकलं तर शून्य. किती दशांश स्थळं आणि किती फरक चालतो, ते प्रश्नातच लिहायला काय शाई संपते?

लेखी उत्तरं स्कॅन करून चढवायची असतील तर ते शेवटचं पाव तास जीव खातं. मोबाईलनं काढलेला एका पानाचा फोटो तीन-चार एमबीचा. दहा पानं, मर्यादा पाच एमबी. मग घाबरून कुठल्यातरी अॅपनं फाईल इतकी आवळतात की वजाचं चिन्ह पुसलं जातं आणि दशांशचिन्ह धुळीच्या ठिपक्यासारखं दिसतं. पेन्सिल वापरू नका, काळं किंवा निळं पेन घ्या. ट्यूबलाइट पाठीमागं असेल तर तुमचीच सावली पानावर पडते, म्हणून खिडकीकडं तोंड करून फोटो काढा. स्कॅनर अॅपमध्ये ग्रेस्केल, २०० डीपीआयच्या आसपास. दहा पानं आरामात मर्यादेत बसतात. प्रत्येक पानावर नंबर आणि पानांची एकूण संख्या. आणि हे सगळं परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करू नका.

व्हिडिओचं तेच. ७२० वर बघायचं तर तासाला जीबीभर डेटा सहज जातो, रोजचा दीड जीबीचा पॅक दुपारीच आडवा. ३६० वर ठेवलं तर फळ्यावर एक्सच्या पायाशी लिहिलेले १ आणि २ सारखेच दिसतात. जांबोटीच्या पुढं पावसाळ्यात झाड पडलं की करंट गेला, करंटमागोमाग टॉवर गेला. एनपीटेलचा साप्ताहिक स्वाध्याय सहसा बुधवारी रात्री ११.५९ ला बंद होतो. झाडाला बुधवार कळत नाही. बारा आठवड्यांच्या कोर्सात बारापैकी उत्तम आठ स्वाध्याय धरतात, म्हणजे चार बुडाले तरी चालतं, हे पोरांना कुणी सांगतच नाही. दोन बुडाले की हाय खाऊन कोर्सच सोडतात. उलट काहीजण स्वाध्यायाला हलक्यात घेतात. तिथं स्वाध्यायात २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०, दोन्ही वेगवेगळे लागतात. परीक्षेत ७० मिळवले आणि स्वाध्यायात ९ राहिले तर सर्टिफिकेट नाही. परीक्षेची फी १००० रुपये, परीक्षा केंद्रावर जाऊन. पुन्हा घराबाहेर! आणि ते क्रेडिट आपलं कॉलेज धरणार का, हे नाव नोंदवायच्या आधी विचारायचं. यूजीसी सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय असे घ्यायला मुभा देते, पण कॉलेजात विचारलं की क्लार्क म्हणतो, ‘काय सांगायलाय, असलं काय आमच्याकडं नाही.’ तोंडी ‘हो’ही घेऊ नका. शिक्का मारलेली प्रत घ्या.

आणि एमएसडब्ल्यू. समाजकार्य घरात बसून! या दोन शब्दांची सांगड घालताना कुणाला लाज कशी वाटत नाही? नेहमीच्या कॉलेजात आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, शेवटी महिनाभराची ब्लॉक प्लेसमेंट (एकाच संस्थेत सलग काम), मधे ग्रामीण शिबिर. ऑनलाइनवाले म्हणतात, संस्था तुम्हीच शोधा, सुपरवायझरही तुम्हीच शोधा, सहीशिक्क्याचा अहवाल चढवा. बाहेरच्या पोराला संस्था कशाला उभं करील? तिला नेहमीच्या कॉलेजची पोरं आहेत. मग अहवाल विकत मिळतात, शिक्क्यासकट. नाव बदललं की झालं समाजकार्य!

निपाणीत बिडी कामगार बायकांमध्ये एक दुपार काढली तर कळतं की मजुरी हजार बिड्यांवर असते, आणि छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत, वळताना हात कितीही दुखले तरी. छाट कुणी ठरवायची, यावर सगळं भांडण. हे त्या विकतच्या अहवालाच्या पीडीएफमध्ये कुठल्या पानावर आहे? सौंदत्तीच्या डोंगराखाली देवदासी बायकांशी बोलायला बंदी कायदा पाठ असून भागत नाही. त्या कानडीत बोलतात, गप्प बसतात, विषय बदलतात. गप्प बसणं नोंदवायचं कसं, हे शिकवायला शेजारी अनुभवी माणूस लागतो. केसवर्कची, म्हणजे एकेका माणसाच्या अडचणीवरच्या कामाची, नोंद मराठी-कानडीत ऐकायची आणि इंग्रजीत लिहायची, त्यात निम्मं माणूस हरवतं. तरी अहवालाला ‘ए’ ग्रेड, कारण पानांची मार्जिन बरोबर होती.

तेव्हा त्या शटरमागच्या माणसाकडं जायचंच असेल तर एकच विचारा: प्रॅक्टिकलचे तास कुठं भरायचे आणि सही कोण करणार, विद्यापीठाच्या लेटरहेडवर लिहून द्या. ‘लेटरहेड’ म्हटलं की तो आधी चहा मागवतो.