एअरगनला लायसन लागत नाही, म्हणून डुक्कर मारता येतं? साफ खोटं!

परवा रात्री पुतण्याचा फोन. "काका, पहिली शिकारीची रायफल कुठली घ्यावी असा मेसेज फिरतोय, त्यात म्हणतायत एअरगन घ्या, लायसन नको काही नको, डुकराच्या कपाळात एक छर्रा मारला की आडवं. मागवू का?" पोरगा बावीस वर्षांचा, भात डुकरांनी लोळवलंय म्हणून वैतागलेला. तोच मेसेज मग आमच्या वाडीच्या ग्रुपवर तीन जणांनी टाकला, म्हणून लिहायला बसलोय.

पहिलं, लायसन. एवढं मात्र खरंय की 4.5 मिमी नळीची आणि 20 ज्युल ताकदीच्या आतली (ज्युल म्हणजे छर्ऱ्याचा जोर मोजायचं माप) एअरगन बिनलायसनची मिळते. पण ती मिळते टार्गेटवर नेम धरायला! बंदूक बाळगणं हा शस्त्र कायद्याचा विषय, जनावर मारणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा, दोन्हीची गल्लत करून लोकांना गोत्यात कशाला घालता? त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे, जखमी करणं, पकडणं, सापळा लावणं आणि त्यातलं काहीही करायचा प्रयत्नसुद्धा शिकारच. छर्रा चुकला तरी गुन्हा. रानडुक्कर त्या कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये, म्हणजे संरक्षित जनावरांच्या यादीत आहे, मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता ते "कपाळात मारा". हे ज्याने लिहिलं त्याने डुक्कर जवळून बघितलेलंच नाही. एअरगनचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, ताकद जास्तीत जास्त 20 ज्युल. बारा बोअरच्या बंदुकीचं काडतूस दोन हजार ज्युलच्या वर जातं. मोठ्या नराच्या खांद्यावरची कातडी ढालीसारखी जाड, वर चिखलाचा थर, आणि कपाळात मारायचं तर तिथे कवटीचं जाड हाड. छर्रा आत शिरून अडकतो, जनावर मरत नाही, पळतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मळ्याखाली व्हाळात घाण वास यायला लागला म्हणून उतरलो तर डुकरीण पडलेली, पुढच्या पायाचा सांधा सुजून फुटलेला, किडे वळवळत होते आणि पुवात शिशाचा चपटा झालेला छर्रा. किती दिवस फरफटत होती कोण जाणे, आसपासची माती पायांनी उकरलेली होती. आणि असं जखमी जनावर झुडपात बसलेलं असताना सकाळी कुणी बाई गवत कापायला गेली तर? मेसेजवाला येणारे का दवाखान्यात?

तिसरं, त्याच मेसेजात पुढे, "शेतीसंरक्षणाचं लायसन असलं की आपल्या रानात आपणच राजा". नाही. ते लायसन बंदूक ठेवायला. डुक्कर मारायचं तर वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी पाहिजे, आणि मारलेलं जनावर कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता, मटणाचे वाटे घालायचे नाहीत.

चौथं, "ठासणीची गावातच बनवून घ्या", म्हणजे नळीत दारू ठासून उडवायची बंदूक. ह्यावर काय बोलायचं, अशी बिनलायसनची बंदूक म्हणजे सरळ जेल, आणि रात्री डुक्कर समजून सोबतच्या माणसालाच बार लागल्याच्या बातम्या कोकणात सगळ्यांनी वाचल्यात.

नुकसान खोटं नाही. आमचं अर्ध भात गेलं, भरपाईच्या कागदांसाठी खेटे घालून चपला झिजतात, राग येणारच. पण पुतण्याला सांगितलं, उद्या उजाडताच लोळलेल्या भाताचे आणि खुरांच्या ठशांचे फोटो काढ, वनरक्षकाला फोन कर, पंचनामा झाल्याशिवाय शेतातली एक काडी हलवू नको, मग परवानगीचा अर्ज आपण दोघं मिळून लिहू. "बघतो" म्हणाला. एअरगन अजून त्याच्या कार्टमध्ये आहे, आज जेवण झालं की परत फोन लावणार आहे.