"घर घेताना वकील कशाला?" म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

घर शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: घर घेताना वकिलाच्या नादी लागू नका. बँक कर्ज देते म्हणजे तिने कागद तपासलेलेच असतात. महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नंबर असला की प्रकल्प सरकारमान्य. रजिस्ट्रेशन झालं की घर तुमचं. सातबारा आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी सारांश) ऑनलाइन दिसतात, ते स्वतः बघा. बाकीचे कागद बिल्डरचा किंवा एजंटचा वकील करून देतोच. आणि अगदीच राहवलं नाही तर स्वस्तातला ऑनलाइन रिपोर्ट मागवा, गावातला वकील नुसता वेळ आणि पैसे खातो.

मी वकील नाही. सोसायटीच्या कामापायी लोकांच्या घरांचे कागद पाहत आलोय, आणि हा मजकूर वाचून कोणीतरी आयुष्यभराची पुंजी धोक्यात घालेल या काळजीने हे लिहितोय. यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, त्यामुळेच ते पटकन पटतं. पण एक गोष्ट हा मजकूर सांगतच नाही. या व्यवहारात बँक, बिल्डर, एजंट, सरकारी कार्यालय असा प्रत्येक जण आपापल्या कामापुरतं पाहतो. तुमच्यासाठी पाहणारा माणूस तुम्ही नेमल्याशिवाय तिथे नसतो.

"बँकेने कागद तपासलेत"

तपासलेत, पण स्वतःसाठी. बँकेच्या पॅनेलवरच्या, म्हणजे तिने नेमलेल्या यादीतल्या वकिलाचा रिपोर्ट बँकेच्या नावाने असतो. त्याची फी बहुधा तुमच्याच खिशातून जाते, पण रिपोर्टची प्रत मागूनही मिळेल याची खात्री नसते. त्यात काही राहून गेलं तर तो वकील जाब देणार बँकेला. तुम्ही त्याचे अशील नाही.

शिवाय बँकेची जोखीम तुमच्यापेक्षा कमी असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्केच कर्ज देता येतं. उरलेली रक्कम तुमची, आणि घर गेलं तर आधी तीच बुडते. बँकेच्या हाती तुमचा पगार असतो, सहकर्जदार असतो, तुम्ही सही केलेला करार असतो. टायटल, म्हणजे मालकीहक्क, कोसळलं म्हणून हप्ता थांबत नाही. कर्जाच्या कराराची बारीक अक्षरातली पानं काढून बघा. मालकीहक्काची खात्री कर्जदाराने स्वतः करून घेतली आहे, अशा अर्थाचं कलम त्यात सहसा सापडतं.

या रिपोर्टांच्या दर्जाबद्दल सर्वोच्च न्यायालयही बोललं आहे. जानेवारी २०२५ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या एका प्रकरणात न्यायालयाने सुचवलं, की कर्जाआधीचे टायटल रिपोर्ट कसे करायचे याची ठरावीक पद्धत रिझर्व्ह बँकेने आणि संबंधितांनी मिळून आखावी, आणि कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचीही जबाबदारी ठरवावी. ज्या रिपोर्टांबद्दल न्यायालयाला असं सांगावं लागतं, त्यांच्यावर विसंबून आपण निर्धास्त झोपायचं?

"महारेराचा नंबर आहे, मग काय"

याचं उत्तर कल्याण-डोंबिवलीत मिळतं. तिथल्या ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार केल्या गेल्या आणि त्याच कागदांवर महारेराची नोंदणी मिळवली गेली. लोकांनी नंबर पाहून घरं घेतली, अनेकांनी बँकांकडून रीतसर कर्ज काढलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. नंबर होता, कर्ज होतं, रजिस्ट्रेशनही होतं. मजकुरातल्या तिन्ही खुणा जुळत होत्या, आणि तरीही हजारो माणसं घर जाण्याच्या भीतीत जगू लागली. त्यांनी निष्काळजीपणा केला असं मी म्हणणार नाही. त्यांना फसवलं गेलं. पण परवानगीच्या कागदावरचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाणं, तिथल्या नोंदवहीत तो आहे का हे पाहणं, उत्तर मिळेना तर माहिती अधिकारात अर्ज टाकणं, ही कामं तिथल्या चांगल्या वकिलाच्या नेहमीच्या पाहणीत बसतात.

महारेरा ज्याच्या आधारे चालतं तो रेरा कायदा निरुपयोगी आहे असं अजिबात नाही. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला मनाई आहे, खरेदीदारांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, बांधकामातला दोष ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निघाला तर तो बिल्डरने दुरुस्त करायचा. जमिनीच्या टायटलमधल्या दोषाने नुकसान झालं तर भरपाईच्या दाव्याला मुदतीची आडकाठीसुद्धा नाही. हे मोठे हक्क आहेत, पण ते चूक घडून गेल्यावर वापरायचे आहेत. संकेतस्थळावर दिसणारा टायटल रिपोर्ट बिल्डरनेच त्याच्या वकिलाकडून घेऊन चढवलेला असतो. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा ८ पर्यंत सदनिकांचे छोटे प्रकल्प नोंदणीतून सुटतात. आणि जुन्या इमारतीतला रीसेलचा फ्लॅट घेणाऱ्याला हा नंबर बहुधा पाहायलाच मिळत नाही.

"रजिस्ट्रेशन झालं की घर तुमचं"

दुय्यम निबंधक कार्यालयात काय होतं ते आठवा. अंगठ्याचे ठसे, फोटो, ओळख पटवणारे दोघे, मुद्रांक शुल्क भरल्याची पावती. विकणारा खरोखर मालक आहे का, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याने ते काम निबंधकाकडे दिलेलंच नाही. तमिळनाडूने नियम करून तसा अधिकार देऊ पाहिला, तो नियम सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये रद्द ठरवला. दस्त नोंदवला जातो, मालकी तपासली जात नाही. एकच फ्लॅट दोघांना विकला तर दोन्ही दस्त नोंदले जाऊ शकतात.

याची दुसरी बाजू जास्त बोचरी आहे. नोंदणी झालेला जुना दस्त खरेदीदाराला माहीत होता असंच कायदा धरून चालतो. तुम्ही तो पाहिलात की नाही, याला महत्त्व नाही. "मला कल्पनाच नव्हती" हा बचाव तिथेच संपतो. आणि नुसत्या साठेखताने (विक्रीच्या कराराने) किंवा कुलमुखत्यारपत्राने (पॉवर ऑफ ॲटर्नीने) मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं असलं तरी "पॉवर आहे की, चालतं" म्हणून विकणारे अजूनही भेटतात.

"सातबारा, इंडेक्स टू ऑनलाइन दिसतात"

जरूर बघा, घर पसंत पडलं त्याच रात्री बघा. पण दिसणं आणि कळणं यात अंतर आहे, आणि माझ्या मते या मजकुराची सर्वांत धोक्याची जागा हीच आहे, कारण इथे माणसाला आपण तपासणी केली असं मनापासून वाटतं.

सातबारा उघडला की बहुतेकांची नजर भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन ज्याच्या नावे लागली आहे त्याच्या, नावावर जाते. नाव जुळलं की समाधान. पण नोंद मालकी देत नाही. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानतात, इतकंच, आणि मुळात ती महसुलासाठी ठेवलेली असते. खरी गोष्ट असते "इतर हक्क" या रकान्यात. तिथे एखाद्या शेती सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो, कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव असतं, किंवा "कूळ कायदा कलम ४३ ला अधीन" अशी एक ओळ. त्या ओळीचा अर्थ, ही जमीन कुळाला कायद्याने मिळालेली आहे आणि ती विकण्यावर कायद्याच्या अटींचं बंधन आहे. तसंच भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन. तसंच वतनाची (जुन्या काळी सेवेबद्दल मिळालेली) किंवा आदिवासी खातेदाराची जमीन. मूळ जमिनीचं हस्तांतर परवानगीशिवाय झालं असेल तर वर उभ्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटलाही ते भोवतं. मुंबई-ठाणे पट्ट्यात "खाजगी वन" या नोंदीने फ्लॅटधारकांची झोप उडवली होती. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याच्या आधारे झालेल्या त्या नोंदींमुळे घर विकणं अवघड झालं, आणि सुटका झाली ती २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने.

रीसेलमध्ये तर ऑनलाइन पाहण्यासारखं आणखी कमी असतं. नेहमी दिसणारं प्रकरण घ्या. वडिलांच्या नावावरचा फ्लॅट, त्यांनी मोठ्या मुलाला नॉमिनी केलेलं. वडील गेले, सोसायटीने नॉमिनेशनवरून शेअर सर्टिफिकेट मुलाच्या नावे केलं. आता तो फ्लॅट विकायला काढतो. सर्टिफिकेटवर त्याचं नाव, वीजबिलावर त्याचं नाव, सोसायटीचा ना हरकत दाखला तयार. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू कुटुंबात आई आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीही त्या फ्लॅटच्या समान वारस आहेत. त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, किंवा त्यांनी खरेदीखतावर सह्या करायला हव्यात. "बहिणींची काही हरकत नाही हो, त्या परगावी असतात" हे वाक्य जिथे ऐकू येईल तिथे थांबा. हे कुठल्याच संकेतस्थळावर दिसत नाही. समोरच्याला बसवून "वडिलांना मुलं किती?" असं विचारावं लागतं, आणि उत्तराचे कागद मागावे लागतात.

सर्च रिपोर्ट, म्हणजे नोंदलेल्या जुन्या दस्तांचा शोध, साधारण ३० वर्षांचा घेतात. अलीकडची वर्षं संगणकावर मिळतात, मागची वर्षं कार्यालयातल्या जुन्या सूचींत शोधावी लागतात. अशा रिपोर्टात काही वर्षांपुढे "पाने फाटलेली" असा शेरा असतो. मग त्या वर्षांतली पोकळी भरायला मूळ दस्तांची साखळी पाहायची, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवायच्या. मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज काढलंय का, हे सेरसाईच्या, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणीच्या, नोंदवहीतही पाहायचं.

"बिल्डरचा वकील करून देतोच"

तो बिल्डरचा वकील आहे. ताब्याची तारीख कशाकशाने पुढे सरकेल, पार्किंगचं कसं, उरलेला एफएसआय (बांधकामाचा शिल्लक हक्क) कोणाचा, सोसायटीच्या नावे जमीन-इमारतीचं अभिहस्तांतरण केव्हा, हे सगळं त्याने त्याच्या अशिलाचं हित पाहून लिहिलेलं असतं आणि त्यात त्याची काही चूक नाही. एजंटचं तर याहून सरळ आहे: सौदा झाला तर त्याला दलाली. एक उदाहरण पुरेसं आहे. ५० लाख किंवा त्यावरच्या घराला १ टक्का टीडीएस (विक्रेत्याला पैसे देतानाच कापायचा कर) कापायचा हे एजंटांना पाठ असतं. पण विकणारा अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही, कर बराच जास्त कापावा लागतो, आणि कमी कापला तर वसुली खरेदीदाराकडून होते. विक्रेता परदेशात कामाला असतो हे चहा पिताना सगळ्यांना कळलेलं असतं, त्याचा अर्थ मात्र कोणी सांगत नाही.

"घ्यायचाच तर ऑनलाइन स्वस्तातला घ्या"

दूर बसून कागद वाचणारा माणूस हुशार असू शकतो. पण त्याला तुम्ही पाठवलेलेच कागद दिसतात. तालुक्याच्या ठिकाणी रोज उभा असणारा वकील न पाठवलेला कागद कुठे असेल हे जाणतो. त्या जमिनीच्या गटाचे तुकडे कसे पडले, कोणत्या सर्व्हे नंबरावर विकास आराखड्यात रस्ता आहे, कुठल्या भावकीचा दावा दिवाणी न्यायालयात पडून आहे, हे त्याच्या कानावर असतं.

इथे एक शंका मात्र रास्त ठरते: लहान गावात वकील आणि बिल्डर एकाच ओळखीतले निघतात. म्हणून निवडताना आधी महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाच्या टायटल रिपोर्टवर कोणाची सही आहे ते बघा. तोच वकील तुमच्यासाठी नको, आणि एजंटने सुचवलेलाही नको. फौजदारीत नाव असलेला वकील या कामाला चांगलाच असेल असं नाही, जमीन-मालमत्तेची कामं कोण करतं हे दोनतीन जुन्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना विचारा. सर्च, लेखी अभिप्राय, मसुदा, जाहीर नोटीस, नोंदणीच्या दिवशी हजर राहणं, यातलं फीमध्ये काय येतं ते आधीच लिहून घ्या. ही काळजी आणखी एका कारणाने हवी. वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२४ चा निकाल आहे. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते, पण ती वाट लांबची आहे.

वकिलाचा अभिप्राय तुमच्या नावाने आणि लेखी असावा. त्यात "अमुक कागद पाहायला मिळाला नाही", "तमुक परवानगीच्या अधीन" अशी वाक्यं असतील तर शेवटचा निष्कर्ष वाचण्याआधी ती वाचा. त्यातली प्रत्येक अट विक्रेत्याकडून कधी पूर्ण होणार हे साठेखतात तारखेनिशी घाला. आणि वकिलाकडे जायचं ते टोकन (बयाणा) देण्याआधी. टोकनच्या पावतीवर रक्कम परत मिळण्याबद्दल एक ओळ नसेल, तर नंतर सापडलेला दोष कितीही मोठा असो, बोलणी विक्रेत्याच्या मर्जीने होतात.