"कॉन्फ्लिक्ट रिपोर्ट म्हणजे नुसता मेकअप" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया तिखट आहे पण मुद्द्याला धरून आहे, त्यामुळे 'धन्यवाद, विचार करू' असं टाकून मोकळा होत नाही, सविस्तरच लिहितो.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात. आपल्या पार्सर जनरेटरच्या (भाषेचं ग्रामर, म्हणजे नियम, लिहून दिले की ती भाषा वाचणारा प्रोग्राम, म्हणजे पार्सर, बनवून देणारं टूल) पुढच्या मेजर व्हर्जनचा प्लॅन मी मागच्या पोस्टमध्ये टाकला होता. त्यात मुख्य काम तीन: ग्रामरमध्ये कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी पार्सरला दोन वाटा दिसणं) निघाला की तो उदाहरण देऊन समजावणं, एलएएलआरच्या जोडीला आयईएलआर टेबलं (पार्सर ज्यांच्यावर चालतो ती टेबलं बनवायच्या या दोन पद्धती), आणि सिंटॅक्स एररचे मेसेज ग्रामर लिहिणाऱ्याला स्वतः ठरवता येणं. त्यावर या वाचकांचं म्हणणं असं की पार्सर जनरेटर आता कोणी वापरत नाही, जीसीसी (सी आणि सी प्लस प्लसचा कंपायलर), गो, पायथन सगळ्यांनी सोडले. टूल जिवंत ठेवायचंच असेल तर पेग मोड (पर्याय क्रमाने तपासणारी ग्रामरची दुसरी पद्धत) आणा आणि स्पीड वाढवा. कॉन्फ्लिक्ट रिपोर्ट सुंदर करणं म्हणजे नुसता मेकअप. आणि वर 'माझ्या ग्रामरमध्ये एक्स्पेक्ट ४३ लिहिलंय, कित्येक वर्षं सुरळीत चाललंय, तुमच्या नव्या व्हर्जनने माझं बिल्ड मोडणार' (एक्स्पेक्ट म्हणजे 'इतके कॉन्फ्लिक्ट आहेत हे मला माहीत आहे, ओरडू नकोस' असं टूलला सांगणं).

आधी ते 'कोणी वापरत नाही'. जीसीसीचं खरंय. सी प्लस प्लसचा बायसनवाला (बायसन आणि त्याआधीचं यॅक हीसुद्धा पार्सर जनरेटरच) पार्सर २००४ मध्ये ३.४ ला गेला, सीचा २००६ मध्ये ४.१ ला, दोन्हीकडे हाताने लिहिलेला रिकर्सिव्ह डिसेंट (प्रत्येक नियमाला एक फंक्शन) पार्सर आला. गोने २०१६ मध्ये १.६ ला यॅक सोडलं. रूबीचं तर तुम्ही लिहिलंच नाही, ते मीच सांगतो, त्यांनी ३.३ ला बायसन काढून लरामा हा दुसरा जनरेटर घेतला आणि ३.४ पासून डीफॉल्ट पार्सर हाताने लिहिलेला प्रिझम. पण पायथन या यादीत कसं काय बसवलंत? पायथनने २०२० मध्ये ३.९ ला जुना एलएल(१) पार्सर सोडला तो दुसऱ्या जनरेटरसाठीच सोडला, पेप ६१७ (पायथनचा त्याबद्दलचा प्रस्ताव) उघडून बघा, आजही तिथे ग्रामर फाइल आहे आणि तिच्यातून सीचा कोड जनरेट होतो. पोस्टग्रेस बायसनवर आहे, पीएचपी आहे, बॅश आहे, एसक्यूलाइटने तर स्वतःचं लेमन ठेवलंय. आणि सोडणाऱ्यांनी का सोडलं तेही बघा ना. सीमध्ये 'टी * एक्स' अशी ओळ आली तर तो गुणाकार की पॉइंटरचं डिक्लेरेशन हे टी हे नाव आधी टाइप म्हणून आलंय का त्यावर ठरतं, नुसत्या ग्रामरवर ठरतच नाही, आणि सी प्लस प्लसमध्ये याच्या दसपट भानगडी. अशा भाषेला पूर्णवेळ टीम असेल तर हातानेच लिहावा, मीही तेच म्हणेन. आपलं टूल वापरणारे लोक वेगळे आहेत. कोणाची क्वेरी लँग्वेज आहे, कोणाचा कॉन्फिग फॉरमॅट, कोणाची रूल्सची छोटी भाषा, एक किंवा दोन माणसं, आणि ग्रामर सारखं बदलतंय. त्यांना हवं असतं एवढंच की काल टाकलेला नियम परवाच्या नियमाच्या अंगावर गेला तर कोणीतरी ओरडावं.

तर मग पेग. ब्रायन फोर्डने २००४ मध्ये मांडलेलं पेग मला आवडतं, उगाच नावं ठेवत नाही. पण तिथे पर्यायांना क्रम असतो, पहिला जुळला की दुसऱ्याकडे बघायचंच नाही, आणि त्यामुळे अँबिग्युइटी (एकाच वाक्याचे दोन अर्थ) हा प्रकारच उरत नाही असं लोक कौतुकाने सांगतात. उरत नाही हे खरं, कारण तुम्ही कुठला पर्याय आधी लिहिलात त्यावरच निकाल लागतो. समजा कोणी असं लिहिलं:

विधान ← जर अट तर विधान / जर अट तर विधान अन्यथा विधान / साधं

इथे दुसरा पर्याय कधीच चालणार नाही. 'जर अ तर क' एवढ्यावर पहिला खूश होऊन बाहेर पडतो, आणि समोर 'अन्यथा' शिल्लक राहतं, त्यावर सिंटॅक्स एरर येते, तीही तुम्हाला नाही, तुमच्या युजरला, रनटाइमला. बिल्ड हिरवंगार. आता तीन पर्यायांच्या नियमात हे डोळ्याला दिसतं हो, पण तीनशे नियमांच्या ग्रामरमध्ये हाच प्रकार चार पातळ्या आत असतो आणि अमुक पर्याय कधीच पोचत नाही हे सगळ्या केसेसमध्ये ओळखून देणारा अल्गोरिदम असूच शकत नाही. एलआरचं (आपलं ज्या घराण्यातलं आहे ते, एलएएलआर त्यातलंच) टूल तुम्हाला निदान अडवतं. अडवतं हीच त्याची किंमत आहे आणि आमचं दुखणं एवढंच की ते अडवतं पण बोलतं भयंकर. आणि पेग मोड घातला तर एकाच टूलमध्ये एकाच नियमाचे दोन अर्थ होतील, तो सपोर्ट कोण करणार? मला तो नकोय. ज्याला पेग हवं त्याच्यासाठी चांगली टूल्स तयार आहेत.

आता मेकअपचा मुद्दा. वरचंच उदाहरण आपल्या टूलला आज दिलं तर काय छापून येतं? 'स्टेट १४७, टोकन अन्यथा, शिफ्ट/रिड्यूस कॉन्फ्लिक्ट, शिफ्ट निवडलं.' (स्टेट म्हणजे पार्सरची त्या वेळची अवस्था, शिफ्ट म्हणजे पुढचं टोकन आत घेणं, रिड्यूस म्हणजे वाचलेले तुकडे एका नियमाखाली गुंडाळणं.) झालं. यापुढे काय करायचं तर रिपोर्ट फाइल उघडायची, १४७ शोधायची, त्यातले आयटम (अर्धवट वाचलेले नियम) वाचायचे, ठिपका (कुठपर्यंत वाचून झालंय त्याची खूण) कुठे आहे बघायचा, तिथपर्यंत कुठल्या स्टेटमधून आलो ते उलटं शोधत जायचं. हे ज्याला येतं त्याला येतं, मला येतं, तुम्हालाही येत असणार, पण नवीन माणूस इथे काय करतो? प्रिसीडन्सच्या (कोणाला प्राधान्य ते ठरवणाऱ्या) ओळी इकडेतिकडे टाकून बघतो, वॉर्निंग गेली की कमिट करतो. आणि प्रिसीडन्सने वॉर्निंग जाणं म्हणजे चूक जाणं नव्हे, कधी कधी नुसता तिचा आवाज बंद होतो. म्हणजे रोग म्हशीला नि इंजेक्शन पखालीला.

नव्या रिपोर्टमध्ये हे येईल:

वाक्य: जर अ तर जर ब तर क • अन्यथा ख
रिड्यूस केलं तर: [जर अ तर [जर ब तर क •] अन्यथा ख]
शिफ्ट केलं तर: [जर अ तर [जर ब तर क • अन्यथा ख]]

कंस बघितले की कळतं, 'अन्यथा' बाहेरच्या जरचं की आतल्या जरचं. इथे स्टेट नंबर नाही, आयटम नाही, एलआर म्हणजे काय हेही माहीत असायची गरज नाही. हे मी शोधलेलं नाही, इसराडिसैकुल आणि मायर्स यांचा २०१५ चा पीएलडीआय या परिषदेतला पेपर आहे, आणि बायसनने २०२० मध्ये ३.७ ला तेच आणलं. दोन्ही अर्थ लागणारं एकच वाक्य सापडलं तर ग्रामर अँबिग्युअस असल्याचा तो थेट पुरावा. पण दर वेळी सापडेलच असं नाही, अँबिग्युइटी मुळातच अनडिसायडेबल (सगळ्या केसेसमध्ये ओळखणारा अल्गोरिदमच नाही), म्हणून शोधाला वेळेची मर्यादा घालावी लागते, आणि नाहीच सापडलं तर ठिपक्यापर्यंत सारखी आणि पुढे वेगळी अशी दोन वाक्यं दाखवायची. त्या वेळी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहायचं की ही खरी अँबिग्युइटी असेलच असं नाही, कदाचित फक्त एक टोकन पुढचं बघून भागत नाहीये. हा फरक आज आपलं टूल सांगतच नाही, आणि उपाय तर दोन्हीचे अगदी वेगळे आहेत.

इथेच आयईएलआर येतं, कारण तिसरा एक प्रकार आहे जिथे ग्रामरचा काहीच दोष नसतो. हे बघा:

सुरू : क नाव य | क टाइप र | ख टाइप य | ख नाव र
नाव : प
टाइप : प

'क प' नंतर 'य' आला तर प म्हणजे नाव, 'र' आला तर टाइप. 'ख प' नंतर बरोब्बर उलटं. माणसाला शंका नाही, डोनाल्ड नूथच्या १९६५ च्या मूळ एलआर(१) पद्धतीलाही शंका नाही. पण एलएएलआर टेबल लहान ठेवण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या स्टेट्स एकत्र करतं, 'क' नंतरची आणि 'ख' नंतरची स्टेट एकच होते, आणि मग 'य' दिसला की नाव करू की टाइप करू, रिड्यूस/रिड्यूस. मेमरी वाचवायची म्हणून हा सौदा ज्या काळात झाला तेव्हा तो शहाणपणाचा होता, आज अशा कॉन्फ्लिक्टपायी कोणी आपलं नीटस ग्रामर वाकडं करून लिहावं हे मला पटत नाही. आयईएलआर फक्त जिथे एकत्र करून घोळ होतो तिथेच स्टेट्स वेगळ्या ठेवतं, त्यामुळे टेबल फुगतं ते जेवढ्यास तेवढं. बायसनमध्ये हे २०११ पासून, २.५ पासून आहे. आपल्याकडे डीफॉल्ट एलएएलआरच राहील, आयईएलआर फ्लॅग देऊन.

स्पीडबद्दल फार लिहीत नाही. प्रोफाइल लावून बघा, वेळ बहुतेक लेक्सरमध्ये (मजकुराची टोकनं पाडणारा भाग) आणि ॲक्शनमध्ये नोड ॲलोकेट करण्यात जातो, टेबल बघण्यात नाही. कोणाच्या ग्रामरमध्ये उलटं दिसत असेल तर प्रोफाइल पाठवा, बघू.

एररच्या मेसेजवर तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, 'हे लोक हातानेच लिहितात', पण खरं तर लोक जनरेटर सोडतात त्याचं मोठं कारण हेच आहे, त्यामुळे हे सगळ्यात आधी तुम्हालाच पटायला हवं होतं. आपल्याकडे आज 'अनपेक्षित टोकन, अपेक्षित: अमुक, तमुक' येतं आणि ती अपेक्षित यादी बऱ्याचदा चुकीची असते. का, तर टेबल लहान करायला आपण डीफॉल्ट रिडक्शन वापरतो, म्हणजे चुकीचं टोकन समोर असतानाही पार्सर दोनचार रिड्यूस करून टाकतो आणि मग थांबतो, तोवर स्टॅक (आतापर्यंत वाचलेल्याची नोंद) बदललेला असतो, आणि यादी बनते ती त्या बदललेल्या जागेवरून. यावर उपाय आहे लॅक: टोकन चालणार की नाही हे आधी स्टॅकच्या कॉपीवर करून बघायचं, मगच खऱ्याला हात लावायचा. हे केलं की यादी तरी खरी होते. आणि त्याच्या वर मेनहिरसारखं (ओकॅमलचा पार्सर जनरेटर), एक फाइल द्यायची, त्यात चुकीच्या इनपुटचं उदाहरण आणि त्यापुढे तुम्हाला हवा तो मेसेज, टूल ते उदाहरण चालवून कुठल्या स्टेटला अडलं ते शोधतं आणि मेसेज तिथे चिकटवतं. ग्रामर बदललं आणि उदाहरण आता चुकीचं राहिलंच नाही, तर बिल्डमध्येच कळतं. पायथनने वेगळी वाट धरली, ग्रामरमध्येच 'इनव्हॅलिड' नावाचे नियम आहेत, पहिल्या फेरीत पार्स फसलं तरच दुसऱ्या फेरीत ते चालू होतात. हुशार युक्ती आहे, पण एलआरमध्ये तसे नियम टाकले तर तेच नवे कॉन्फ्लिक्ट आणतील, म्हणून आपल्याला फाइलचा मार्ग.

राहिलं तुमचं एक्स्पेक्ट ४३. माझ्या मते हाच तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि प्लॅनमध्ये त्यामुळे एक ओळ वाढली आहे. सुरळीत चाललंय म्हणता, पण एक्स्पेक्ट मोजतं फक्त आकडा. समजा तुम्ही एका नियमात अर्धविराम सक्तीचा केलात आणि एक कॉन्फ्लिक्ट गेला, त्याच कमिटमध्ये दुसऱ्या नियमाला रिकामा पर्याय जोडलात आणि एक नवा आला. ४३ चे ४३. बिल्ड गप्प. नवा कॉन्फ्लिक्ट शिफ्ट/रिड्यूस असेल तर शिफ्ट धरलं जातं, आणि रिड्यूस/रिड्यूस असेल तर फाइलमध्ये जो नियम आधी तो जिंकतो, ही यॅकपासूनची रीत आहे, म्हणजे कोणी फाइल नीट दिसावी म्हणून नियमांची जागा बदलली तरी भाषेचा अर्थ बदलू शकतो. पोस्टग्रेसच्या ग्रामरमध्ये एक्स्पेक्ट ० लिहिलेलं आहे ते हौस म्हणून नाही.

पण तुम्हाला उद्यापासून शून्य करा म्हणणं हा अन्याय होईल. म्हणून असं ठरवलंय की जुनं आकड्याचं एक्स्पेक्ट चालूच राहील, त्यावर बिल्ड मोडणार नाही, फक्त एक वॉर्निंग येईल जी बंदही करता येईल. त्याच्या जोडीला नावानिशी एक्स्पेक्ट: कुठल्या नियमात, कुठल्या टोकनवर, कोण जिंकणं अपेक्षित आहे, हे लिहायचं. बायसनमध्ये नियमागणिक एक्स्पेक्ट लिहिता येतं, आपण टोकनपर्यंत जाऊ. आणि ४३ ओळी हाताने लिहायला कोणी बसणार नाही हे मला कळतं, त्यासाठी एक कमांड असेल जी आजचे कॉन्फ्लिक्ट वाचून त्या ओळी ग्रामरमध्ये लिहून देईल, प्रत्येकीच्या वर कॉमेंटमध्ये उदाहरणाचं वाक्य. त्या ४३ मधले किती एकाच दुखण्याचे आहेत हे तेव्हा तुम्हालाच दिसेल, बहुतेक वेळा एका प्रिसीडन्सच्या ओळीत पंधरावीस निघून जातात.

कामाचा क्रमही त्यामुळे बदललाय: आधी उदाहरणं शोधणारा भाग, कारण नावानिशी एक्स्पेक्ट आणि मेसेजची फाइल दोन्ही त्याच्यावर उभे आहेत, मग एक्स्पेक्ट, मग लॅक आणि मेसेज, आयईएलआर शेवटी. पहिल्या भागाची ब्रँच उघडी आहे. तुमचं ग्रामर ओपन असेल तर त्यावर चालवून बघा आणि जिथे शोध वेळेत संपत नाही ते कॉन्फ्लिक्ट इश्यूमध्ये टाका, एवढं मोठं, जुनं, रोज वापरातलं ग्रामर माझ्याकडे टेस्टला एकही नाही. ओपन नसेल तर टोकनांची आणि नियमांची नावं बदलून पाठवलंत तरी चालेल, मला फक्त आकार हवाय.